उद्या नोकरीचा पहिला दिवस. आजचा बुधवार सांगलीत कसा घालवावा?

मोगरा (सकाळी ७.१०)

उद्या, गुरुवारी, मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या हिशेब विभागात रुजू होते आहे. पुण्यातली नोकरी फेब्रुवारीअखेर सोडली. त्यानंतरचे दिवस खोली रिकामी करणं, सामान आणणं, गॅसचं कार्ड, बँकेचा पत्ता बदलणं यातच गेले. आता कागदपत्रं फाइलला लागली आहेत, उद्याचा ड्रेस इस्त्री होऊन आलाय. आजचा दिवस पूर्ण मोकळा आहे.

घरी सगळे विचारतायत, कुठं जाणार? औदुंबरला जाऊन ये, नरसोबाच्या वाडीला जा, सागरेश्वरला हरणं बघून ये. ही सगळी ठिकाणं मला आवडतात. पण ती रविवारीही जागेवरच असणार आहेत आणि रविवार तर मला पुढंही मिळणार आहेत. उद्यापासून माझ्या हातातून जाणार आहे तो कामाच्या वारचा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हा वेळ. त्या वेळात सांगली काय करते, हे मी कॉलेज सोडल्यापासून नीट पाहिलेलंच नाही. नोकरी करणाऱ्याला आपलं गाव दिसतं ते सकाळी आठच्या आत, दिवेलागणीनंतर आणि सुट्टीच्या दिवशी. आपल्याच घरात आई अकरा ते चार काय करते, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

म्हणून आज मला असं काहीतरी बघायचंय जे फक्त कामाच्या वारी, कामाच्या वेळेतच बघता येतं. काय सुचवाल? आणि तुम्ही रुजू होण्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं, तेही सांगा.

वारणाकाठ (७.३५)

अभिनंदन ताई. मी कुपवाडला कारखान्यात आहे, आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. त्यामुळं तुम्ही म्हणताय ती कामाच्या वारची दुपार मला दर आठवड्याला मिळते आणि तिची किंमत मला माहीत आहे. बँकेत गर्दी नसते, दवाखान्यात नंबर लवकर लागतो हा झाला व्यवहार. पोरगी शाळेतून येते तेव्हा मी दारात असतो, हे मात्र कुठल्याच रविवारी मिळत नाही.

तरी आधी कोरडं विचारतो. जुन्या कंपनीनं पीएफच्या पोर्टलवर तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरली का? नसेल तर आज दहा मिनिटं काढून बघाच.

पायवाट (७.५२)

वारणाकाठ यांच्याशी सहमत. मी मनुष्यबळ विभागात काम करते, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते.

एक तर जुनी सोडल्याची तारीख नवीन रुजू तारखेच्या आधीची असली पाहिजे. दोन्ही नोकऱ्या एका दिवसानं जरी एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तरी पुढं पैसे वळवताना अर्ज अडकू शकतो. दुसरं, पीएफ काढून घेऊ नका, नवीन खात्यात वळवून घ्या. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि वळवला तर आधीच्या नोकरीची वर्षं धरली जातात. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, तिथंही हा हिशेब उपयोगी पडतो. नवीन ठिकाणी जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, द्यायचा, दुसरा काढू द्यायचा नाही.

आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतंय, म्हणजे फेब्रुवारीपर्यंतचा पगार आणि त्यावर कापलेला कर नवीन ठिकाणी सांगायला हवा. तो सांगितला नाही तर ते फक्त त्यांच्या एका पगारावर हिशेब करतात आणि विवरणपत्र भरताना फरक आपल्याला भरावा लागतो. आणि जुन्या कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा साधारणपणे शेवटच्या दिवशीच संपतो. आईवडील त्यात होते का, ते बघा.

एवढं झालं की आज लॅपटॉप बंद ठेवा. पहिल्या दिवसाची तयारी म्हणून त्या संस्थेचं संकेतस्थळ पुन्हा पुन्हा वाचत बसणारे खूप जण मी बघते. त्याचा पहिल्या दिवशी काही उपयोग होत नाही. पहिला दिवस फॉर्म भरण्यात आणि लोकांची नावं लक्षात ठेवण्यात जातो, त्याला झोप झालेली असली की पुरते.

हरिपूरकर (८.२०)

मोगराताई, तुम्ही विचारलंय त्याला माझं एकच उत्तर आहे: मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघा. मार्च म्हणजे ऐन हंगाम. रविवारी यार्ड बंद, संध्याकाळी गेलात तर नुसती पोती दिसणार. सौदा बघायचा तर कामाच्या वारी, कामाच्या वेळेतच जायला हवं.

अडत्याच्या दुकानापुढं शेतकऱ्यांच्या मालाची वक्कलं, म्हणजे वेगवेगळे ढीग, मांडलेली असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका दुकानातून दुसऱ्या दुकानात सरकत जातो. हळकुंड उचलायचं, मोडायचं. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना खणकन आवाज करतं, आणि आतला रंग उघडा पडतो. त्या रंगावर बोली चढते. राजापुरी, सेलम असे प्रकार नुसतं बघून ओळखणारी माणसं तिथं आहेत. बाहेरच्यांना वाटतं, ही सगळी हळद सांगलीच्याच रानातली. तसं नाही. कर्नाटकातून येते, मराठवाड्यातून येते, पार तेलंगणातूनही येते. इथं बाजार आहे, पारख आहे आणि रोख हिशोबाचा विश्वास आहे, म्हणून येते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मागं ही पारख करणारी माणसंही आहेत असं मी मानतो.

वेळ उरला तर आमच्या हरिपुरात या. पेवांबद्दल ऐकलं असेल. जमिनीत खोल खणलेली कोठारं, तोंड लहान, आत घेर मोठा. आतून पाला आणि चटया लावून हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा खेळत नाही म्हणून कीड जगत नाही, वर्षानुवर्षं हळद टिकते. त्याच कारणानं पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. आधी कितीतरी तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. तो विझला तर अजून थांबायचं. माझे आजोबा या कामातले जाणकार होते. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं, आता बराचसा माल गोदामात आणि शीतगृहात जातो. पण ज्यांनी पेवात काम केलंय अशी म्हातारी माणसं गावात अजून आहेत आणि दुपारी पारावर निवांत भेटतात. संगमेश्वराच्या देवळापासून चार पावलं. कृष्णा-वारणेचा संगमही बघून होईल.

तासगावची_चिमणी (९.०५)

वाचायला छान वाटतंय, पण एक वेगळी बाजू मांडते.

मुलगा शाळेत जायला लागल्यावर मी पुन्हा नोकरी धरली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मलाही वाटलं होतं की आज काही करायचं नाही. आमची द्राक्षबाग आहे आणि सासरे बेदाणा करतात. हेच दिवस होते. शेडमध्ये जाळ्यांवर माल वाळत पडलेला आणि दुपारी आभाळ भरून आलं. बेदाणा वाळायला साधारण पंधरा दिवस लागतात, त्यात पाऊस शिरला तर रंग जातो, बुरशी धरते, भाव निम्म्यावर येतो. घरातली सगळी माणसं शेडच्या बाजूंना ताडपत्र्या बांधायला धावली, मीही धावले. रात्री नऊला घरी आलो.

तो दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण शांत दिवस हाती लागायला घरात दुसरं कुणीतरी काम उचलणारं लागतं, आणि बाईच्या वाट्याला तसं माणूस कमी येतं. मोगरा, तुला आज असा दिवस मिळालाय तर घरातल्या कुणालाही त्यातला वाटा देऊ नकोस. ‘मोकळीच आहेस तर तेवढा माळा आवरून टाक’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हण. मी मनापासून सांगतेय.

निवृत्त_मास्तर (९.४०)

माझी पहिली नेमणूक जत तालुक्यातल्या एका वाडीवर झाली. सांगलीच्या पोराला कृष्णेच्या पाण्याची सवय, आणि जतमध्ये त्या साली टँकरची वाट बघणारी गावं. आदल्या दिवशी वळकटी, स्टोव्ह, एक पातेलं एवढं बांधून झाल्यावर वडील म्हणाले, चल. सकाळी गणपती मंदिरात नेलं, मग मला ज्यांनी शिकवलं त्या प्रत्येक शिक्षकाच्या घरी नेलं. काही बोलायचं नाही, पाया पडायचं, हातावर साखर घ्यायची, निघायचं. एक मास्तर आजारी होते, त्यांनी उशाखालचा खडू-डस्टरचा डबा काढून मला दिला. माझी सगळी नोकरी त्या डब्यावर झाली.

मोगरा, तुम्ही कामाच्या वारचं म्हणता ते मला पटलं. रविवारी माणसं घरी भेटतात खरी, पण ती पाहुण्याला भेटल्यासारखी भेटतात. बुधवारी सकाळी जाल तर त्यांच्या रोजच्या दिवसात तुम्हाला जागा करून देतील. ज्यांनी तुम्हाला हिशेब शिकवला असेल त्यांच्याकडे आज जा.

चिमणीताईंचं म्हणणं फार खरं आहे. माझ्या त्या दिवसात आई दिवसभर माझ्यासाठी लाडू वळत होती. तिला विचारलं कुणीच नव्हतं.

स्वरा_मिरज (१०.१५)

मी मिरजेतून एक वेगळं सुचवते. आज एकदा नुसतं मिरजेला येऊन जा, कर्मचारी म्हणून नाही. उद्यापासून सांगली-मिरज रस्ता तुमच्यासाठी ऑफिसचा रस्ता होणार. वडापच्या, म्हणजे शेअर गाडीच्या, खिडकीतून विश्रामबाग, विलिंग्डन कॉलेज, वानलेसवाडी सगळं मागं पडत जाईल आणि तुमचं लक्ष घड्याळाकडे असेल.

आज आलात तर सतारमेकर गल्लीत या. काम चालू असताना बघायचं तर असाच दिवस हवा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं आलेले मोठाले भोपळे टांगलेले असतात, कुणी दांडीला तासणी करतंय, कुणी नक्षी भरतंय, आणि एक माणूस कान लावून जवारी काढत बसलेला असतो. जवारी म्हणजे घोडीचा, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा पृष्ठभाग घासून तारेला नेमका झंकार आणणं. ते काम बघताना कुणी बोलत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बघायला येणारे वाढलेत, पण सुट्टीच्या दिवशी येतात आणि बंद दारं बघून जातात.

आणखी एक. तुम्ही रुग्णालयात काम करणार आहात. मिरज दवाखान्यांचं गाव झालं त्याची सुरुवात डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये काढलेल्या रुग्णालयापासून. आजही कर्नाटकातून रोज पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक स्टेशनजवळ, झाडाखाली, धर्मशाळेत थांबलेले असतात. तुमच्या खिडकीवर बिल भरायला येणार आहेत ते हेच लोक. काउंटरच्या आत बसायच्या आधी एकदा त्यांच्या बाजूनं हे गाव बघितलेलं बरं, असं मला वाटतं.

मोगरा (दुपारी १.२०)

हरिपूरकर, सकाळी तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. बाबा एका अडत दुकानात दिवाणजी होते. आयुष्यभर त्यांनी सौद्याच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे हिशेबाचे कागद, लिहिल्या, आणि मी एकदाही सौदा पाहिलेला नाही. ते कामावर असायचे तेव्हा मी शाळेत, पुढं मी पुण्यात. ते म्हणाले, चल की मग. टोपी घालून तयार.

आम्ही गेलो. पहिल्या दोन दुकानांत त्यांना कुणी ओळखलं नाही, माणसं बदललीत. तिसऱ्या दुकानात म्हाताऱ्या हमालानं हाक मारली, ‘अण्णा, कुठं होता ओ इतके दिवस?’ मग बसायला खुर्ची, चहा, पाठोपाठ अडत्याचा मुलगा आला. तोही त्यांना अण्णाच म्हणाला. बाबांनी वक्कलातलं एक हळकुंड उचललं, मोडलं, माझ्या हातावर ठेवलं आणि हळू आवाजात आकडा सांगितला. बोली सुटली ती त्या आकड्याच्या अगदी जवळ येऊन. घरी वर्तमानपत्र वाचत बसणारे बाबा मला माहीत आहेत. हे बाबा मला आज पहिल्यांदा दिसले.

ज्यांनी हिशेब शिकवला त्यांच्याकडे जा, असं मास्तरांनी सांगितलं होतं. शाळेतल्या बाईंकडे जायचं ठरवलं होतं, पण यार्डातून निघताना बाबांनाच तिथं वाकून नमस्कार केला. ते एकदम गप्प झाले.

पायवाट, पोर्टल पाहिलं. तारीख भरलेली आहे. आईबाबा जुन्या विम्यात होते, ते आता नाहीत, हे मात्र तुम्ही विचारलं म्हणून कळलं. नवीन ठिकाणी उद्याच विचारते.

पायवाट (१.४५)

नक्की विचारा. रुग्णालयात नोकरी असेल तर कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना उपचारात सवलत असते का, तेही त्याच वेळी विचारा. आणि दोघांसाठी स्वतःचा वेगळा विमा काढणार असाल तर लांबवू नका. आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, तो पॉलिसी घेतल्यापासून मोजला जातो.

तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या आईला फोन केला. बुधवारी दुपारी माझा फोन आला म्हणून ती घाबरलीच.

वारणाकाठ (२.१०)

दिवाणजी म्हणजे काय, हे नवीन पोरांना कळायचं नाही. शेतकरी अडत्यावर जेवढा विसंबतो तेवढाच दिवाणजीच्या पट्टीवर. वजन मांडून, तोलाई, हमाली, अडत वजा करून हातात काय पडणार ते तो सांगणार. माझ्या वडिलांची हळद यायची यार्डात. पट्टी हातात आली की ते ती दोनदा वाचायचे, घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे, आणि तेव्हा कुठं मला भडंग घेऊन द्यायचे. तुम्ही उद्या ज्या खिडकीत बसणार ती साधारण तीच जागा आहे ताई. पुढ्यातल्या माणसाला आकडे समजावून सांगा, घाई करू नका. आमच्यासारख्यांना दवाखान्याच्या बिलातलं निम्मं कळत नाही आणि विचारायला संकोच वाटतो.

तासगावची_चिमणी (२.३०)

वारणाकाठ दादा, हे फार मोलाचं सांगितलंत.

मोगरा, आणि आई? तू लिहिलं होतंस ना, अकरा ते चार आई काय करते ते माहीत नाही.

मोगरा (संध्याकाळी ६.४०)

तेच सांगायला आले. स्वरा, आज मिरजेला आले नाही, त्याबद्दल राग मानू नका. दुपार घरीच काढली.

आईला म्हटलं, मी आज घरात नाही असं समज आणि तुझं रोजचं कर. ती म्हणाली, रोजचं काय असतंय त्यात. तरी बघितलं. जेवण आवरून तिनं आकाशवाणी सांगली लावली, आवाज बारीक. रेडिओ चालू ठेवून तांदूळ निवडले. दोनच्या सुमाराला मागच्या दारानं शेजारच्या आजी आल्या. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. आई त्यांना पेपर वाचून दाखवते. आधी निधनवार्ता, मग बाजारभाव, मग धरणाच्या पाण्याचं काही आलं असेल तर ते. मार्चमध्येसुद्धा कोयनेत किती साठा आहे ते आजींना हवं असतं. २०१९ ला पाणी घरात आलं तेव्हा या दोघी माळ्यावर एकत्र होत्या. पावसाळ्यात वाचनाची सुरुवातच कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे त्या आकड्यानं होते म्हणे. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे फूट दोघींना पाठ आहेत.

हे गेली पाच वर्षं चाललंय आणि मी रोज रात्री आईला फोन करत होते, ‘आज काय केलंस?’ विचारत होते, ती ‘काही नाही’ म्हणत होती. ती काही लपवत नव्हती. तिला ते सांगण्यासारखं वाटतच नव्हतं.

आजींनी मला उद्याच्या नोकरीबद्दल विचारलं. रुग्णालय म्हटल्यावर म्हणाल्या, माझ्या डोळ्याचा खर्च किती येईल ते विचारून ठेव. हे माझं पहिलं काम.

निवृत्त_मास्तर (७.०५)

आजींना सांगा, सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. सांगलीला आणि मिरजेला दोन्हीकडे मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. आधी तिथं दाखवा, मग खर्चाचं बघा.

स्वरा_मिरज (७.२०)

राग कसला! मला वाचून फार बरं वाटलं. सतारमेकर गल्ली कुठं पळून जात नाही. पण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे रविवारी येऊन उपयोग नाही, मग आता जमणार कधी?

वारणाकाठ (७.५०)

त्याला वाट आहे. रुग्णालयाची बिल खिडकी रविवारीही चालू ठेवावी लागते. म्हणजे कुणाला ना कुणाला रविवारी यावं लागत असणार आणि त्या माणसाला बदली सुट्टी आठवड्यात मिळत असणार. रविवार कुणालाच नको असतो. उद्या लगेच बोलू नका, नवीन माणसानं पहिल्याच दिवशी सुट्टीचं काढलेलं बरं दिसत नाही. पंधरा-वीस दिवसांनी पाळीचा तक्ता बघा आणि महिन्यातला एखादा रविवार आपणहून मागून घ्या. बदल्यात बुधवार मागा. सहकारी दुवा देतील आणि तुम्हाला महिन्याला एक असा दिवस मिळेल. मी सोमवारच्या सुट्टीवर बारा वर्षं काढलीत, लग्नकार्यं चुकतात एवढंच.

मोगरा (८.१५)

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना आत्ता सांगितलं. ते म्हणाले, सौदे मे महिन्यापर्यंत चालतात, तोवर एक बुधवार मिळाला तर बघ.

स्वरा, सकाळी साडेनऊला पोचायचं असेल तर विश्रामबागेतून वडाप किती वाजता धरावी?

स्वरा_मिरज (८.२२)

पावणेनऊला चौकात उभ्या राहा. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून पाच-दहा मिनिटं जास्तीची धरा. समोरून सिटी बस आली तर तीच घ्या. डबा उभा धरा, गर्दीत आडवा होतो.